वय ४८, ७ महिने पाळी नव्हती आणि आता पुन्हा आली. ही जाणार तरी कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ४८, ७ महिने पाळी आली नाही, सुटले एकदाची असं वाटत असतानाच परवा पुन्हा सुरू झाली. आता पाळीविना १२ महिन्यांची मोजणी पहिल्यापासून करायची का, आणि हे प्रकरण लवकर उरकायचा काही उपाय आहे का?

मोजणी पहिल्यापासून करायची. उपाय नाही. म्हणजे उपाय म्हणून जे सुचवतात ते दुसऱ्याच कशावरचे असतात, त्याबद्दल पुढे लिहिते. मी डॉक्टर नाही. आता ५४ वर्षांची आहे, यातून गेले आहे आणि वाट बघता बघता एक मोठी चूक करून बसले होते, म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुमचे ७ महिने, माझे ३४१ दिवस. आकडा पाठ आहे, कारण मी कॅलेंडरवर रोज खूण करत होते. वर्षाला फक्त २४ दिवस कमी होते. त्याआधी आठवडाभर छाती जड होऊन दुखत होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मी ते झोपण्याच्या पद्धतीवर ढकललं. मग एका सकाळी डाग. त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकावर ओरडले आणि कारण कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? जी गोष्ट ३५ वर्षं दर महिन्याला येत होती ती आज आली, यात ओरडण्यासारखं काय आहे?

नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो : सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्याला गर्भारपण, औषधं, आजार असं दुसरं कारण नाही, तर रजोनिवृत्ती झाली. पण त्याचा अर्थ नीट लक्षात यायला मला वेळ लागला. शेवटची पाळी चालू असताना ती शेवटची आहे हे कुणालाच कळत नाही, डॉक्टरलाही नाही. वर्षभराने मागे वळून बघायचं आणि म्हणायचं, ‘अच्छा, ती शेवटची होती तर.’ आपण बोलताना ‘पाळी गेली’ म्हणतो ते अगदी बरोबर आहे. हे वाक्य भूतकाळातच खरं होतं. (‘पाळी’ या शब्दाचा अर्थच ठरल्या क्रमाने येणारी खेप. क्रम मोडल्यावरही आपण तिला पाळीच म्हणत राहतो, ही जरा गंमतच.)

तरी ‘किती दिवस’ याला अगदीच उत्तर नाही असं नाही. या विषयातल्या तज्ज्ञांनी २०११ साली एकत्र बसून पाळी जाण्याचे टप्पे ठरवले, त्यांना ‘स्ट्रॉ प्लस टेन’ म्हणतात. सुरुवातीच्या टप्प्यात लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पडायला लागतो आणि तो पुन्हा पुन्हा पडतो. म्हणजे एकदा २४ दिवसांनी, पुढे ३५ दिवसांनी. हा टप्पा लांबलचक असू शकतो, कित्येक वर्षांचा. दुसरा टप्पा सुरू होतो तो ६० दिवस किंवा त्याहून मोठा खंड पडला की. तिथून शेवटच्या पाळीपर्यंत साधारण १ ते ३ वर्षं लागतात. तेव्हा पहिल्यांदा दोन महिने पाळी आली नाही असं कधी झालं, ते आठवा. ७ महिन्यांचा खंड पडला म्हणजे तुम्ही दुसऱ्या टप्प्यात आहात एवढं नक्की. बहुतेक जणींची पाळी ४५ ते ५५ या वयात जाते, त्या हिशेबानेही तुमचं काही वेगळं चाललेलं नाही. आईची आणि सख्ख्या बहिणींची कधी गेली, त्यावरून थोडा अंदाज येतो. सिगारेट ओढणाऱ्यांची वर्ष-दोन वर्षं आधी जाते. ‘लवकर आली म्हणून लवकर जाईल’ हा हिशेब मात्र भरवशाचा नाही, माझाच चुकला.

मधेच ७ महिने गायब होऊन परत का येते? जन्माला येताना मुलीच्या दोन्ही अंडाशयांत मिळून १० ते २० लाख बीजं असतात. पाळी सुरू होईपर्यंत ती ३-४ लाखांवर येतात. आयुष्यभरात प्रत्यक्ष सुटतात ती जेमतेम ४००-५००, बाकीची आपोआप विरून जातात. म्हणून बाळंतपणं किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे पाळ्या ‘वाचल्या’ तरी साठा काही वाचत नाही. साठा हजाराच्या आसपास आला की पाळी थांबते. पण त्याआधी मेंदू अंडाशयाला हाका मारत राहतो, एफएसएच नावाचं हार्मोन म्हणजे ती हाक. बरेच महिने आतून उत्तर येत नाही. मग एखादं उरलेलं बीज अचानक ओ देतं आणि पुढचं सगळं रीतसर घडतं : छाती दुखते, चिडचिड होते, पाळी येते. तुमची परवाची पाळी बहुधा अशीच आली असेल. तुमचं काहीही चुकलेलं नाही.

याच एफएसएचची रक्ततपासणी करून ‘एकदाचा निकाल लावावा’ असं मलाही वाटलं होतं. ४९व्या वर्षी स्वतःच्या मनाने लॅबमध्ये जाऊन करून आले. रिपोर्टमध्ये ६२, शेजारी छापलेलं : रजोनिवृत्तीनंतरची पातळी. मी खूश. दोन महिन्यांनी पाळी हजर. कारण हा आकडा या काळात महिन्या-महिन्याला वरखाली होतो, एका दिवसाच्या रक्तावरून काहीच ठरत नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर ही तपासणी गरजेची असते, ४० ते ४५ मध्येही डॉक्टर करायला सांगू शकतात. ४५ नंतर निदानासाठी सहसा तिची गरज नसते. ते पैसे थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) यांच्या तपासण्यांवर घालवले असते तर माझं जास्त भलं झालं असतं.

आता माझी चूक. तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, ‘तशी आली की फार जाते, पण आता जाणारच आहे म्हणून सहन करते’. ते वाचून मी लिहायला बसले.

‘जाणारच आहे’ हे मी ४६ ते ४८ अशी दोन वर्षं स्वतःला सांगत होते. पाळी आली की पहिले तीन दिवस घराबाहेर पडायची भीती. एकावर एक दोन पॅड, गडद रंगाचे कपडे, रात्री गादीवर प्लॅस्टिक. गाठी पडायच्या. कधी दहा दिवस, एकदा तर अठरा. अधूनमधून पुढच्या महिन्यात येतच नसे, मग वाटायचं, बघ, जात चालली. धाप लागायची, ती वयावर ढकलली. केस गळायचे, तेही वयावर. बर्फ चघळायची विचित्र चटक लागली होती, ती कशावर ढकलावी कळेना, म्हणून तिच्याकडे दुर्लक्षच केलं. लोह फार कमी झालं की असं होतं हे मला नंतर कळलं. एक दिवस एक मजला चढून गेल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी पायरीवर बसले. हिमोग्लोबिन ७.९ निघालं. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, “दोन वर्षं कशाची वाट बघत होता?”

या वयात जास्त जातं त्याचं कारण सोपं आहे, आणि ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी थांबले नसते. इस्ट्रोजेन हे हार्मोन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होतं, ते त्या अस्तराला आवर घालतं. बीज सुटलंच नाही तर आवर घालणारं कुणी नाही, अस्तर वाढतच राहतं आणि मग कधीतरी ढासळतं, तेही एकदम नाही, तुकड्या-तुकड्याने, दिवसेंदिवस. आपल्याला वाटतं की पाळी जायला आली म्हणजे इस्ट्रोजेन रोज थोडं थोडं कमी होत असणार. तसं नसतं. या काळात ते कधी कधी आधीपेक्षाही वर उसळतं. आणि दरवेळी कारण हेच असेल असंही नाही. फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) असतात, पॉलिप (अस्तरावरचे कोंब) असतात, थायरॉइड असतं, आणि क्वचित अस्तराचा कॅन्सरही असतो. म्हणून ४५ नंतर असा अनियमित किंवा जास्त रक्तस्राव झाला तर डॉक्टर सोनोग्राफी करतात आणि बऱ्याचदा अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. माझा पाठवला. ते काही मिनिटांचं काम आहे. दुखतं, आधी वेदनाशामक घ्यायला सांगतात. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्याहून वाईट गेले. निघालं काहीच नाही.

मला जास्त जाणाऱ्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, काही महिने प्रोजेस्टेरॉनच्या, आणि लोह. ट्रॅनेक्सॅमिकच्या गोळ्या मैत्रिणीकडून मागून घेऊ नका. रक्तात गुठळ्या होण्याचा त्रास ज्यांना होऊन गेलाय त्यांना त्या चालत नाहीत. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधनही सुचवलं होतं, मिरेना म्हणून बहुतेकींना माहीत असतं ते. मी नाही म्हटलं. कारण? जाणारच आहे ना आता! तेच वाक्य. ७.९ हिमोग्लोबिन घेऊन समोर बसले होते तरी. पुढे तीन वर्षं पाळी चालू राहिली. तेव्हा बसवलं असतं तर त्यातली बरीचशी सुखाची गेली असती, असं आता वाटतं. त्याचे पहिले काही महिने डाग पडत राहतात, पण नंतर रक्तस्राव खूप कमी होतो, काहींचा थांबतोच. अडचण एकच, मग १२ महिने मोजता येत नाहीत. मला तेव्हा ती फार मोठी अडचण वाटली होती. कशाला, ते आता सांगता येत नाही.

म्हणून, तासाभरात पॅड भिजतोय आणि असं काही तास सलग चाललंय, अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठ्या गाठी पडताहेत, सात दिवसांच्या पुढे चाललंय, मधेच किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय, यातलं काहीही असलं तर दाखवा. पॅड तासाभरात भिजतोय आणि सोबत चक्कर येतेय, तर त्याच दिवशी.

लवकर उरकण्याबद्दल. ‘पिशवी काढून टाक एकदाची’ हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी दिलाच असेल. गर्भाशय काढलं की रक्त जायचं थांबतं, हे खरं. पण रजोनिवृत्ती गर्भाशयाची नसते, अंडाशयाची असते. अंडाशय ठेवून पिशवी काढली तर आतली उलथापालथ पूर्वीसारखीच चालू राहते, फक्त दिसायची बंद होते. अंडाशयही काढले तर रजोनिवृत्ती होते, पण एका रात्रीत. जे शरीर चार-पाच वर्षांत हळूहळू करतं ते एका ऑपरेशनमध्ये झाल्यावर वाफा (अंग एकदम गरम होऊन घाम फुटणं), झोप, हाडं सगळ्यांवर त्याचा जास्त जोरात परिणाम होतो. अस्तर जाळण्याची छोटी प्रक्रिया असते, तिचंही तसंच : रक्त कमी, अंडाशय जिथल्या तिथे. मोठे फायब्रॉइड किंवा आणखी काही खरं कारण असेल तर ऑपरेशन जरूर करावं, कित्येकींचं आयुष्य त्याने सुधारलंय. पण निव्वळ वाट बघायचा कंटाळा आला म्हणून नाही. अंडाशयाचं काम लवकर आटपेल असं सुरक्षित औषध नाही, कुणी विकत असेल तर घेऊ नका.

एक जरा अवघड विषय. ७ महिने पाळी नव्हती म्हणून गर्भनिरोधक सोडलं असेल तर पुन्हा सुरू करा. परवाच्या पाळीचा अर्थच असा असू शकतो की बीज सुटलं होतं. नेहमीचा नियम असा : शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यापुढे दोन वर्षं, पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष काळजी घ्यायची. आणि या वयातही पाळी चुकली की सरळ ‘जात चालली’ असं न समजता, शक्यता असेल तर घरी चाचणी करून टाकायची. मी दोनदा केली. दुसऱ्यांदा निकालाची वाट बघताना नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

वाफांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं असतं. मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग या काळात हळवा होतो, जराशा उष्णतेलाही ‘फार गरम झालं’ म्हणून घाम काढतो. अमेरिकेतल्या ‘स्वान’ या दीर्घ अभ्यासात ज्यांना वाफांचा वारंवार त्रास होता, त्यांच्यातल्या निम्म्याजणींना तो ७.४ वर्षांपेक्षा जास्त काळ झाला. म्हणजे पाळी गेल्यावरही तो बराच काळ चालू राहू शकतो. माझा अजून अधूनमधून आहे. त्रास फार असेल तर हार्मोनचा उपचार आहे. २००२ साली अमेरिकेत याच उपचाराच्या एका मोठ्या चाचणीत धोके दिसल्याच्या बातम्यांनी सगळ्या घाबरल्या होत्या, पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केला तर फायद्या-तोट्याचा हिशेब वेगळा लागतो. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना तो सहसा देत नाहीत, आणि गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच. हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं, माझ्याशी नाही.

पाळी गेल्यावर सुटका खरंच होते का? होते. माझी पाळीच्या आधीची ती ठरलेली डोकेदुखी गेली. पांढरे कपडे घेतले. प्रवासाला निघताना कॅलेंडर बघत नाही. पण मी ज्या सुटकेची वाट बघत होते ती सगळ्याच गोष्टींतून होती, आणि तशी काही होत नाही. शेवटच्या पाळीच्या आधीच्या वर्षापासून पुढची दोन-तीन वर्षं हाडं झपाट्याने झिजतात, आणि ते आतल्या आत चालतं, जाणवत नाही. योनीचा कोरडेपणा, वारंवार लघवी, जळजळ हे वाफांसारखं आपोआप कमी होत नाही, उलट वाढतं. त्यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं आणि ते चांगलं काम करतं, पण विचारायची लाज वाटून बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात. मी पण बसले होते, आठ महिने. आणि १२ महिने पूर्ण झाल्यावर कधीही, अगदी एक डाग जरी दिसला, तरी दाखवायचं. बहुतेक वेळा साधंच कारण निघतं, पण त्या एका डागाला ‘पुन्हा आली वाटतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही.

काही जणींना पाळी जाताना वाईट वाटतं. मला नाही वाटलं. आधी मला वाटायचं की वाटायला हवं, आणि वाटत नाही म्हणूनही थोडं वाईट वाटून घेतलं. तुम्हाला काय वाटेल ते तुमचं तुम्ही बघा. मात्र हुरूपच गेला, सकाळी उठावंसं वाटेना, असं दोन-तीन आठवडे राहिलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं. या वर्षांत नैराश्य येण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते.

परवा सुरू झालेली ही पाळी किती दिवस चालते, दिवसाला किती पॅड लागतात, गाठी पडतात का, एवढं फोनमध्ये लिहून ठेवा. आठव्या दिवशीही चालू असेल तर पुढच्या महिन्याची वाट न बघता जा. आणि एरवीही हिमोग्लोबिन आणि फेरिटिन या आठवड्यात करून घ्या, कारण ‘फार जाते’ हे तुम्हीच लिहिलंय.

रिकाम्या दिवसांवर खुणा करणं मी ३४१ नंतर सोडलं. फक्त रक्त दिसलं की तारीख लिहायची. त्यानंतर आणखी दोनदा आली. मग एकदा डॉक्टरबाईंकडे रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी गेले होते, त्यांनी सवयीने विचारलं, “शेवटची पाळी कधी?” फोन काढून बघितलं तर १४ महिने होऊन गेले होते. मी तसं सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि रक्तदाब बघायला हात पुढे करायला सांगितला.